मतदारयादीतलं नाव आणि आपलं मत कसं राखायचं : कोकणात राहायला आलेल्यांसाठी

मुंबईतली नोकरी संपवून गावाला आलात, लग्न होऊन इकडे नांदायला आलात, लोट्याच्या एमआयडीसीत कामाला लागलात, किंवा घरातलं पोर अठराचं झालं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी डोंबिवलीचं मत गावाला आणलं, सासूबाईंचं यादीतून उडालेलं नाव परत चढवलं, आणि तेव्हापासून वाडीतलं कुणी ना कुणी फॉर्म घेऊन आमच्या पडवीत येऊन बसतंच. जे कळलं ते क्रमाने लिहिते.

एक आधीच सांगते. हे काम निवडणुकीच्या धामधुमीत होत नाही. लावणी उरकली की, श्रावणाच्या आसपास, तहसीलला गर्दी नसते तेव्हा ते हातावेगळं करायचं. प्रचाराचे भोंगे फिरायला लागल्यावर यादी आठवणाऱ्यांची गोष्ट दरवेळी एकच असते: केंद्रावर जायचं, नाव नाही म्हणून भांडायचं आणि परत यायचं.

आधी जमवायची कागदपत्रं

- पांढऱ्या पार्श्वभूमीचा पासपोर्ट फोटो
- जन्मतारखेसाठी एक कागद: जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, लायसन्स किंवा पासपोर्ट
- पत्त्यासाठी एक कागद: लाइटचं, पाण्याचं किंवा गॅसचं बिल, बँकेचं वा पोस्टाचं पासबुक, आधार, पासपोर्ट, जमिनीची महसुली नोंद, नोंदणी केलेला भाडेकरार
- आधीचं मतदान कार्ड असेल तर ते, आणि त्याच घरातल्या एखाद्या मतदाराचा कार्ड नंबर
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला
- ओटीपी येईल असा मोबाइल, आणि वाडीत रेंज कुठे मिळते याची माहिती (आमच्याकडे ती देवळाच्या पायरीवर मिळते)

कोकणातली नेहमीची अडचण पत्त्याच्या कागदाची. घर सामायिक, लाइटबिल अजून आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर पंचवीस नावं. पण आई-वडील, नवरा-बायको किंवा सज्ञान मुलगा-मुलगी त्याच पत्त्यावर आधीपासून मतदार असतील, तर त्यांच्या नावाचा कागद चालतो. तेही नसेल तर बँकेत जाऊन पासबुकावरचा पत्ता गावचा करून घ्या, हा सगळ्यात बिनत्रासाचा मार्ग. आधार नाही किंवा द्यायचं नाही म्हणून कुणी फॉर्म परत करत असेल, तर पुरेसं कारण असलेल्या माणसाचा अर्ज केवळ त्यावरून नाकारता येत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. हे शांतपणे सांगा.

१. नाव आहे का ते पाहा

घरात मतदान कार्ड आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं नव्हे. कार्ड हा ओळखीचा पुरावा. मत देता येतं ते यादीत नाव असेल तर.

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर कार्ड नंबर टाकून, मोबाइल नंबरवरून, किंवा नाव, वय, जिल्हा टाकून शोधता येतं. १९५० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. आता खाचाखोचा. जुन्या काळ्या-पांढऱ्या कार्डावर ‘एमटी’ने सुरू होणारा, मध्ये तिरप्या रेघा असलेला लांबलचक नंबर असतो. तो टाकून काही सापडलं नाही तर घाबरू नका. आता नंबर तीन अक्षरं आणि सात आकडे असा असतो, आणि तुमचं नाव त्या नव्या नंबराखाली असू शकतं. मग नावाने शोधा. नावाने शोधतानाही एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत शोधा, कारण संगणकाने केलेल्या लिप्यंतरात आडनावांची पार चिरफाड झालेली असते.

त्याहून चांगलं म्हणजे आपल्या भागाची सबंध यादी, पीडीएफ, उतरवून घ्या आणि वाडीचं पान डोळ्यांनी वाचा. एकाच आडनावाची चाळीस घरं असलेल्या वाडीत संगणकाचा शोध बऱ्याचदा दुसऱ्याच घरात नेतो. मुख्य यादी झाली की मागच्या पुरवण्याही पाहा. वगळलेली नावं तिथेच कळतात, आणि नावाआधी इंग्रजी अक्षर असतं: ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे पत्त्यावर सापडत नाही, क्यू म्हणजे अपात्र.

मतदारसंघाचा गोंधळ इथेच मिटवून टाका. दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी लोकसभेला ते रायगडात मोडतात. त्यामुळे खेड-मंडणगडकडच्या माणसाला लोकसभेचा उमेदवार अलिबाग-महाडचाच दिसतो आणि वाटतं, आपली यादी चुकली. चुकलेली नसते. पूर्वीचा राजापूर लोकसभा मतदारसंघही २००८ च्या फेररचनेत गेला, आता तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे. यादी बनते ती विधानसभा मतदारसंघाप्रमाणे, तेव्हा शोधतानाही तोच धरायचा.

२. मत मुंबईला ठेवायचं की गावाला, हे आधी ठरवा

चाकरमानी माणसाला हा प्रश्न नको असतो, पण टाळता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असू शकतं, आणि त्या मतदारसंघात एकदाच. नाव कुठे, तर जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथे. या कायद्याच्या कलम २० मधली दोन वाक्यं कोकणासाठीच लिहिली असावीत असं मला वाटतं. एक: केवळ घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. दोन: तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जात नाही.

म्हणजे काय? गणपतीला आणि शिमग्याला कुलूप उघडून चार दिवस राहणाऱ्याचं मत मुंबईचं. घरपट्टी भरता, रेशनकार्डावर नाव आहे, देवळात मान आहे, हे सगळं खरं, पण मत त्यावर मिळत नाही. उलट, बोटीवर खलाशी म्हणून सहा-आठ महिने बाहेर असणारा, शिकायला पुण्याला गेलेला, किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन पावसाआधी परतणारा कातकरी, यांचं घर इथेच असेल तर मतही इथलंच. ‘घराला कुलूप होतं’ एवढ्यावर त्यांची नावं कापली जातात, आणि सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो, कारण ती माणसं विचारायलाही येत नाहीत. तुमच्या गावात कातकरीवाडी असेल तर आपली यादी वाचून झाल्यावर त्यांचंही पान वाचा.

आखातात असलेल्यांसाठी वेगळी सोय आहे. भारताचा पासपोर्ट असेल आणि तिकडचं नागरिकत्व घेतलं नसेल, तर फॉर्म ६अ भरून पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव लावता येतं. मत मात्र प्रत्यक्ष इथे येऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच द्यावं लागतं.

दोन्हीकडे नाव ठेवणं हा गावोगाव चाललेला खेळ आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही. नवीन नोंदणीच्या फॉर्मवर ‘माझं नाव दुसरीकडे नाही’ अशी सही तुम्हीच करता. ती खोटी निघाली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि एरवी कुणी बोललं नाही तरी भावकीचा वाद पेटला की पहिला अर्ज याच विषयाचा पडतो.

माझं विचाराल तर, गावात कायम राहणार असाल तर मत गावाला आणाच. ग्रामसभेत हात वर करण्याचा अधिकारही या यादीतूनच येतो. खाणीचा, प्रकल्पाचा, पाणीयोजनेचा ठराव आला की मुंबईच्या मंडळाचे पदाधिकारी फोनवरून कितीही बोलोत, मोजले जातात ते यादीतले हात.

३. योग्य फॉर्म भरा

फॉर्म ६ : आयुष्यात पहिल्यांदा नाव घालायला, किंवा कापलं गेलेलं नाव परत चढवायला. वय १८ पूर्ण होण्याची पात्रता तारीख आता वर्षातून चार वेळा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलांना अर्ज आगाऊ देता येतो.

फॉर्म ८ : पत्ता बदलला, नाव किंवा फोटो दुरुस्त करायचा, कार्ड हरवलं, अपंगत्वाची नोंद करायची, या सगळ्याला हा एकच. दुसऱ्या मतदारसंघातून इकडे यायचं असेल तरीही हाच.

फॉर्म ७ : नाव वगळायला. घरातलं माणूस गेलं तर मृत्यूचा दाखला जोडून हा भरा. आळस करू नका, मयताचं नाव यादीत राहिलं की त्यावर दुसरंच कुणी मत टाकण्याची वाट मोकळी राहते.

लग्न होऊन आलेल्या मुलींची गफलत इथे होते. घरचे घाईने फॉर्म ६ भरतात, माहेरचं नाव तसंच राहतं, आणि मग दुबार म्हणून नेमकं सासरचं उडतं. फॉर्म ८ भरला की माहेरचं नाव आपोआप निघतं. नाव-आडनाव बदलायचं असेल तर त्याच फॉर्ममध्ये दुरुस्तीची खूण करून विवाह दाखला जोडा. बदलायचं नसेल तर बदलू नका. माहेरच्या नावाने सासरच्या पत्त्यावर मतदार राहायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही, वाडीतल्या थोरल्या मंडळींना काहीही वाटो.

फॉर्म फुकट आहे. सेवा केंद्रवाला भरून देण्याची मजुरी घेईल, ती देणं न देणं तुमच्यावर. पण ‘नाव चढवायचे’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

४. बीएलओला भेटा आणि पोच घ्या

प्रत्येक यादीभागाला एक केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ असतो. बहुतेक करून शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई. ऑनलाइन अर्ज केला तरी घरी येऊन पडताळणी तेच करतात, आणि तुमचं काम अडतं ते इथे. कोकणातली घरं विखुरलेली, वाडी डोंगराच्या कुशीत, ताईंनी एका खेपेला येऊन पाहिलं आणि कुलूप दिसलं की त्यांच्या वहीत ‘आढळले नाहीत’ असा शेरा पडतो. तेव्हा अर्ज केल्यावर त्यांना फोन करा, ‘ताई, मी अमुक दिवशी घरी आहे’ म्हणून सांगा. त्या हे काम आपली नोकरी सांभाळून करतात, हे ध्यानात ठेवून बोला.

कागदावर अर्ज दिला तर फॉर्मच्या तळाची पोचपावती फाडून, सही आणि तारीख घेऊनच उठा. ऑनलाइन केला तर संदर्भ क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. ‘देतो नंतर’, ‘काळजी करू नका, आपलं घरचंच काम आहे’ हे ऐकलं की जास्त काळजी करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या चिठोऱ्यावर उभ्या आहेत.

५. नाव कापलं गेलं तर

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नणंदेकडे मुंबईला गेल्या होत्या. पावसामुळे राहणं लांबलं. त्या मुदतीत घरोघर पाहणी झाली, आम्ही दोघं बाजाराला गेलेलो, शेजारच्या पोराने सांगितलं, ‘आजी मुंबईला गेली.’ पुढच्या पुरवणीत नाव नाही. नावाआधी एस. म्हातारीने आयुष्यात घाट ओलांडून चार रात्री कधी काढल्या नव्हत्या, आणि कागदोपत्री ती स्थलांतरित झाली. नोटीस आमच्या घरी आलीच नाही. तालुक्याला विचारलं तर म्हणाले, पाठवली होती.

अशा वेळी काय करायचं ते ओळीने सांगते.

पहिल्यांदा कारण शोधा. पुरवणीतलं अक्षर पाहा. मग मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांतांकडे (तहसीलदार हे त्यांचे सहायक), साध्या कागदावर अर्ज द्या. त्यात तीन गोष्टींच्या प्रती मागा: वगळण्यासाठी आलेला फॉर्म ७ किंवा बीएलओचा अहवाल, पाठवलेली नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, आणि नाव वगळण्याचा आदेश. फॉर्म ७ देणारा त्याच मतदारसंघातला मतदार असावा लागतो आणि त्याचं नाव फॉर्मवर असतं, तेव्हा ‘कुणी केलं’ हेही कळतं. आणि स्थलांतरित किंवा पत्त्यावर नाही या कारणाखाली नाव काढायचं तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते, हे कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली लाल बाबू हुसेन प्रकरणात हेच बजावलं: ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याला बाजू मांडू दिल्याशिवाय काढता येणार नाही.

मग अपील. आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, तिथे नाही जमलं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. पंधरा दिवस पटकन सरतात. आदेशाची प्रत उशिरा मिळाली असेल तर ती मिळाल्याची तारीख अर्जात ठळक लिहा.

आणि त्याच वेळी नवा फॉर्म ६ही भरून टाका. काही जण म्हणतात, अपील चालू असताना नवा अर्ज म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं. मला ते पटत नाही. अपील आपल्या मानासाठी, फॉर्म आपल्या मतासाठी. सासूबाईंचं नाव शेवटी फॉर्मनेच परत आलं. ताई घरी आल्या तेव्हा म्हातारी खळ्यात आमसुलं वाळत घालत होती, तिने त्यांना बसवून आधी कोकम सरबत पाजलं आणि मग विचारलं, ‘आता तरी मी हाय ना?’

असं एकेकट्याचंच होतं असं समजू नका. बिहारमध्ये २०२५ साली याद्यांची विशेष सखोल उजळणी झाली, तेव्हा १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला सांगितल्यावर ती नावं कारणांसह जाहीर झाली. अशा उजळणीत जुन्या यादीतली नोंद, आपली किंवा आई-वडिलांची, फार उपयोगी पडते. म्हणून आज हाताशी असलेल्या यादीचं पान छापून फायलीत लावा. आई-वडिलांचं जुनं कार्ड टाकून देऊ नका.

एक जागा वेळीच पाहण्याची: वगळण्यासाठी आलेल्या अर्जांची यादी, नमुना १०, नोंदणी कार्यालयात लागते आणि संकेतस्थळावरही असते. ग्रामपंचायत निवडणुकीच्या आधीच्या महिन्यांत ती जरूर चाळा. एकाच हस्ताक्षरात एकाच वाडीची वीस नावं दिसली तर समजून घ्या.

६. ग्रामपंचायतीची यादी वेगळी, पण वेगळी नाही

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. पण तो नवी यादी बनवत नाही. ठरवलेल्या तारखेला विधानसभेची जी यादी अस्तित्वात असेल तीच घेऊन प्रभागवार फोडतो. त्या प्रभागयादीवर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात नाव गेलं, फोडताना राहून गेलं, अशा गोष्टींची. नवीन नाव तिथे चढत नाही. ‘सरपंचाची निवडणूक लागली की बघू’ म्हणणाऱ्यांची गाडी तिथेच चुकते.

लोकसभा-विधानसभेलाही तसंच. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते. त्याआधी हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून अर्ज त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी पडलेला हवा.

७. मतदानाच्या दिवशी

मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे. २०१९ पासून ती एकटी चालत नाही. कार्ड न्या. नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांपैकी काहीही मूळ प्रत चालते. मोबाइल आत नेता येत नाही.

केंद्रावर ‘तुमचं नाव गैरहजर-स्थलांतरित-मयत यादीत आहे’ असं सांगितलं तर परत फिरू नका. मुख्य यादीतून नाव वगळलेलं नसेल, तर ओळख पटवून, सहीबरोबर अंगठा देऊन मत देता येतं. केंद्राध्यक्षाला भेटायचं आहे असं सांगा.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर प्रदत्त मत मागा. ते यंत्रावर नसतं, कागदी मतपत्रिकेवर असतं, पाकिटात बंद राहतं आणि एरवी मोजलं जात नाही. तरीही द्या. नोंद राहते, आणि निकाल कोर्टात गेला तर ती नोंद बोलते.

दरवेळी फिरणारा एक मेसेज मात्र पुसून टाका: ‘यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि चॅलेंज व्होट मागा, १४ टक्के झाले की फेरमतदान.’ दोन्ही गोष्टी खोट्या. आक्षेपित मत म्हणजे समोरचा माणूस तोतया आहे अशी एजंटाने दोन रुपये भरून घेतलेली हरकत. यादीत नाव नसणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे यंत्राला जोडलेल्या छपाईच्या पेटीच्या, काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती पाहा. वेगळंच चिन्ह दिसलं तर तिथल्या तिथे सांगा, लेखी देऊन चाचणी मत घेता येतं. पण दावा खोटा ठरला तर गुन्हा आहे, तेव्हा खात्री असेल तरच.

वेळ संपताना रांगेत असाल तर हलू नका. रांगेतल्यांना चिठ्ठ्या वाटतात, त्या सगळ्यांचं मत घ्यावंच लागतं. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म १२ड भरावा लागतो, त्यामुळे बीएलओला आधीच सांगून ठेवा. कारखान्यातल्या कामगाराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी देणं मालकावर बंधनकारक आहे. मच्छीमारांना मात्र टपाली मत नाही. ७ मे २०२४ ला आपल्याकडे लोकसभेचं मतदान झालं तेव्हा मासेमारी चालू होती. बंदी १ जूनला लागते. नौका कधी बाहेर काढायची ते तांडेलाशी, म्हणजे नौकेच्या प्रमुखाशी, आधीच बोलून घ्या.

मुंबईहून आलेली ‘फुकट बस’ उमेदवाराने केलेली असेल तर तो भ्रष्ट आचार ठरतो. तुम्ही आपल्या पैशाने लालपरीने या.

८. गावकीने ठरवलं तर

हे लिहू नको असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. तरी लिहिते, कारण नव्याने आलेल्यांना नेमका याचाच पत्ता नसतो.

आपल्याकडे गावकी असते, म्हणजे गावाचे सामायिक व्यवहार मिळून ठरवणारी गावातली मंडळी. तिची चांगली कामं मी पाहिली आहेत. सुगी, मयत, पालखी, रस्ता, सगळं तीच पार पाडते. पण निवडणूक आली की काही गावांत बैठक बसते, वाडीची एकगठ्ठा मतं कुणाला ते ठरतं, आणि देवळात गाऱ्हाणं घालून, नारळावर हात ठेवून शपथ घेतली जाते. न पाळणाऱ्याला वाळीत टाकायची भाषा होते. पालखी दारात थांबत नाही, नळ तोडतात, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही.

तुम्ही काय करायचं? पहिलं: मत गुप्त आहे. कुणाला दिलं हे सांगायची सक्ती कोर्टसुद्धा करू शकत नाही, मग गावकी कोण? बैठकीत गप्प बसा, आत जाऊन मनातलं बटण दाबा. यंत्रावरचं तुमचं मत कुणालाही कळत नाही, ‘आम्हाला समजतं’ ही नुसती धमकी असते. एकगठ्ठा ठरवणारेही आत जाऊन काय करतात, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दुसरं: देवाच्या कोपाची भीती घालून किंवा जातीतून-गावातून बाहेर काढण्याची धमकी देऊन मत फिरवणं हा भारतीय न्याय संहितेखाली निवडणुकीतल्या गैरवाजवी दबावाचा गुन्हा ठरू शकतो. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने केलं तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली त्याची निवडच अडचणीत येते. सामाजिक बहिष्काराची धमकी आणि दैवी कोपाची भीती, या दोन्ही गोष्टी त्या कलमात शब्दांनिशी आहेत.

तिसरं: खरंच वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि तो होण्यामागे रायगड-रत्नागिरीकडच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. बहिष्कारासाठी बैठक बसणार अशी खबर असेल तर जिल्हाधिकारी ती रोखूही शकतात.

तक्रार करताना गुळमुळीत लिहू नका. ‘गावाने वाळीत टाकलं’ एवढ्याने पोलीस म्हणतात, गाव म्हणजे कोण? बैठकीची तारीख, जागा, बोलणाऱ्यांची नावं, ठराव वहीत लिहिला असेल तर त्या पानाचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज, तोडलेल्या नळाचा फोटो, वर्गणी नाकारल्याचा साक्षीदार, हे जोडा. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. निवडणुकीच्या काळात पैसे किंवा जेवणावळी दिसल्या तर आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाकता येतो, तक्रार १०० मिनिटांत निकाली काढायची असते.

आणि कुठल्याही कार्यालयाने तुमच्या अर्जाचं काय झालं ते सांगितलं नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. राज्याच्या कार्यालयाला अर्ज मराठीत, १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नको. ‘माझं नाव का कापलं’ असं विचारू नका, त्यावर ‘का’चं उत्तर देणं आमच्या कक्षेत नाही असं पत्र येतं. ‘अमुक यादीभागातील अमुक क्रमांकाचं नाव वगळण्याच्या आदेशाची, नोटिशीची आणि पोचीची प्रत द्यावी’ असं लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याला वीस रुपयांचं तिकीट लागतं.